झाकायचं की दाखवायचं?

काखेत एक गाठ उठते. आधी नुसती टणक लागते, मग ठणकू लागते, पिकते, फुटते किंवा डॉक्टर चिरा देतात. सुटलो एकदाचे म्हणावं, तर महिन्या-दोन महिन्यांत तिथंच, नाहीतर दोन बोटं सरकून दुसरी उठते. कुणाला जांघेत, कुणाला स्तनांखाली, कुणाला बसायच्या जागी. काखमांजरी, केसतूड, गळू ही घरोघरची नावं एकेका फोडाची. पण पुन्हापुन्हा उठणाऱ्या या फोडांच्या मुळाशी वर्षानुवर्षं चालणारा एकच रोग असू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. वैद्यकात त्याला हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा म्हणतात. डॉक्टर बोलताना नुसतं ‘एचएस’ म्हणतात. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत पहिल्या गाठीपासून खऱ्या निदानापर्यंत सरासरी सात ते दहा वर्षं गेलेली दिसतात. हा रोग जाणत्या डॉक्टरला डोळ्यांनी पाहून ओळखता येतो. तरीही एवढा उशीर होण्याचं एक मोठं कारण म्हणजे तो दाखवलाच जात नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरासारख्या, अंगमेहनतीवर चालणाऱ्या जागी तर दाखवायला ना सवड असते ना आडोसा. पुढच्या संवादातल्या आत्या आणि भाची या कुणा एका घरातल्या नव्हेत. या रोगाभोवती जे दोन विचार सारखे एकमेकांवर आदळतात, त्यांना मी दोन माणसांचं तोंड दिलं आहे. आत्या जेटीवरच्या लिलावात मासळी घेऊन बाजारात विकणारी. तरुणपणापासून तिला हे दुखणं आहे आणि आता तिच्या बावीस वर्षांच्या लेकीच्या काखेत गाठी उठू लागल्या आहेत. भाची कोल्हापूरला त्वचारोग विभागात काम करणारी परिचारिका. आत्याचं म्हणणं अडाणीपणाचं नाही आणि भाचीचं पुस्तकी नाही. म्हणून दोघींनाही पुरतं बोलू दिलं आहे.

आत्या: दवाखाना कशाला गो? काखमांजरी आहे ती. मला नव्हती झाली? गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस बांधायचं, पिकून फुटते, निचरा होतो, संपलं. लग्नाच्या पोरीचं दुखणं गावभर करायचं नसतं, बाय.

भाची: तुझी बरी झाली?

आत्या: फुटली म्हणजे बरीच झाली की.

भाची: मग तुझा उजवा हात वर का जात नाही? सकाळी जेटीवर बघत होते मी. दोघांनी पाटी उचलून तुझ्या डोक्यावर ठेवली आणि तू डाव्या हातानं चुंबळ सावरलीस. उजवा कोपर अंगाला चिकटलेला तो चिकटलेलाच.

आत्या: वय झालं माझं.

भाची: वय झालं असतं तर ते डाव्या हाताचंही झालं असतं. तुझ्या काखेतली कातडी आखडलीय. जिथं गाठ फुटली तिथं वण पडला, वणाला वण मिळत गेला आणि त्याचे ताठ पट्टे झाले. तुझ्या लेकीची काख अजून मऊ आहे, आत्या. आत्ता उपचार सुरू केले तर ती तशीच राहू शकते. म्हणून घाई करतेय.

आत्या: अगो, अंगात उष्णता आहे तिच्या. रक्त बिघडलं की असं होतं. दिवसभर फॅनखाली बसते तिथं मारुती मंदिर भागातल्या दुकानाचे हिशेब लिहीत, पाणी पीत नाही. मासे खाते, वरनं आंबे खाते.

भाची: रक्तात काही बिघाड नाही. सुरुवात होते केसाच्या मुळाशी. प्रत्येक केस एका बारीक नळीतून वर येतो. काही जणांच्या काखेत, जांघेत त्या नळीचं तोंड मेलेल्या कातडीनं बुजतं. आत साठत जातं, नळी फुगते आणि कातडीच्या आतल्या आत फुटते. आतला ऐवज मांसात सांडला की अंगाची राखणदार यंत्रणा शत्रू आल्यासारखी तुटून पडते. सूज, ठणका, पू हे सगळं त्या लढाईचं. ही लढाई थांबायची तिथं थांबत नाही, हाच रोग. पुढं पुढं दोन गाठी कातडीखालून एकमेकींना मिळतात, आत बोगदे होतात आणि वरून साधं भोक दिसत असलं तरी आतून झिरपत राहतं.

आत्या: आमच्या बाबांची लाकडी होडी होती. तिच्या तळाला समुद्रातली कीड लागायची. वरून बघितलं तर टाचणीएवढं भोक, आणि फळी काढली की आतून सगळी पोखरलेली. बाबा ते भोक बुजवत बसायचे नाहीत. फळी बदलायचे.

भाची: अगदी तेच. आणि तू गेली तीस वर्षं भोकं बुजवत आलीस.

आत्या: मला शिकवू नको. माझ्या वेळी कोण होतं फळी बदलणारं? एक गोष्ट सांग, हे घाणीनं होतं ना? आम्ही जेटीवर चिखलात, मासळीच्या पाण्यात उभ्या. घाम, खारं पाणी, ओले कपडे. मी रोज दोनदा आंघोळ करते, काख घासून घासून लाल करते. तरी लोक समजतात बाईला स्वच्छता नाही.

भाची: घाणीनं होत नाही. हे तू तिला आणि स्वतःलाही रोज सांग. तो समज डॉक्टरांनाही होता. १८५४ साली एका फ्रेंच शल्यविशारदानं हा घामाच्या ग्रंथींचा रोग ठरवला आणि शंभरएक वर्षं तेच चाललं. पुढं कातडीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळलं, की घामाच्या ग्रंथी मागाहून सापडतात, आग लागते केसाच्या मुळाशी. एकाचं दुसऱ्याला होत नाही. एका टॉवेलानं, एका अंथरुणानं, नवऱ्याजवळ झोपल्यानं पसरत नाही. आणि ते घासणं थांबव. सुजलेल्या कातडीवर घर्षण म्हणजे जखमेवर दुसरी जखम. ओल्या, घट्ट कपड्याचं घासणं चांगलं नाही ते याचसाठी. घाण लागते म्हणून नाही, कातडी रगडली जाते म्हणून.

आत्या: एकाचं दुसऱ्याला होत नाही म्हणतेस. मग माझं माझ्या पोरीला कसं झालं?

भाची: संसर्गानं नाही. तीनातल्या एका रुग्णाच्या घरात आणखी कुणाला तरी हे असतं. काही घराण्यांत त्याचे जनुकही सापडलेत. २०१० साली चिनी कुटुंबांच्या अभ्यासातून ते पहिल्यांदा पुढं आले. पण सगळ्यांच्यात ते सापडत नाहीत. कल असतो, तो पिढीतून उतरतो. जसे तुझे डोळे तिला आलेत.

आत्या: म्हणजे माझ्यामुळं.

भाची: तुझा गुन्हा नाही त्यात. डोळे दिल्याबद्दल कुणी आईला दोष देतं का? उलट तुला आहे म्हणून तिचं लवकर ओळखता आलं, असं का नाही बघत?

आत्या: ओळखून काय करायचं, तेच मी विचारतेय. ऐक आता माझं. मला पहिली गाठ आली तेव्हा मी सोळा-सतराची. आई म्हणाली, कुणाला बोलू नको. मी बोलले नाही. लग्न झालं, पोरं झाली, धंदा केला, घर बांधलं. त्या वेळी कुणी मला सांगितलं असतं, की बाई हा जन्माचा रोग आहे, तर कोण करून घेणार होतं मला? तुमच्या दवाखान्यात कागदावर एक नाव लिहितात आणि ते नाव माणसाला चिकटतं. याच रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकापासून महारोग्यांचा दवाखाना आहे. मुंबईच्या पेटिट शेठजींनी बांधायला पैसे दिले. उपकारच झाले. पण ज्याचं नाव तिथं लागलं त्याचं घर सुटलं. कातडीच्या रोगाला लोक कसे बघतात ते आम्हाला पुस्तकातून शिकायला नको.

भाची: हे तुझं म्हणणं मी खोडून काढणार नाही. ती भीती खरी आहे. पण बघ, कुष्ठरोगाच्या चट्ट्याला संवेदना नसते, हिच्या गाठीला हात लावता येत नाही इतक्या वेदना होतात. दोन रोगांत काही साम्य नाही. आणि कुष्ठरोगाचं पुढं काय झालं? औषधं आली, लोक लवकर पुढं यायला लागले, बोटं झडायचं थांबलं. भीती कमी झाली ती औषध घेणारी माणसं समोर दिसू लागल्यावर. झाकून ती कधीच कमी झाली नव्हती.

आत्या: पण सुरुवातीला जे पुढं आले त्यांनी किंमत मोजली. माझ्या पोरीनं का मोजावी?

भाची: ती आत्ताच मोजतेय. तू मोजलीस तशी. सांग ना, तू काय काय करत होतीस झाकायला?

आत्या: काय करणार? जुन्या लुगड्याच्या चिंध्या काखेत धरायच्या. त्या धुतल्या तरी अंगणात कधी वाळत घातल्या नाहीत, चुलीमागं वाळवल्या. पांढरं पोलकं कधी घेतलं नाही. लग्नकार्यात पुढं बसले नाही. खरं सांगू? बाजारात बसणं मला बरं पडलं. मासळीच्या वासात दुसरा वास कुणाच्या नाकात जात नाही.

भाची: तुझ्या लेकीकडं ती सोय नाही, आत्या. ती बंद दुकानात, चार माणसांत बसते. गेल्या महिन्यात तिनं तीन दिवस सुट्टी घेतली ती तापासाठी नव्हती. गाठ फुटली होती. कुडत्यातून डाग बाहेर येईल म्हणून घरात बसली. मैत्रिणीच्या हळदीला गेली नाही, कारण हात वर करून नाचायला लागलं असतं. रात्री रडते ती. तू ऐकलं नसशील.

आत्या: ऐकलंय.

भाची: या रोगात उदास होण्याचं प्रमाण बरंच असतं, जीव नकोसा होण्यापर्यंत मजल जाते. दुखतं म्हणून, झोप नाही म्हणून, आणि कुणाला सांगता येत नाही म्हणून. रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, तरी मन दुखतं म्हणून त्या दारात जायला आपण धजत नाही. तिला निदान फोनवर तरी बोलू दे. सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फुकट. मराठीत बोलतात. आणि सगळ्यात आधी तू बोल तिच्याशी.

आत्या: बोलेन. पण डॉक्टरांचं तोंड मी बघितलंय. एकदा हिंमत करून गेले होते मी. काख वर करून दाखवायच्या आधीच म्हणाले, वजन कमी करा, स्वच्छता ठेवा. पडद्याआडही घेतलं नाही. त्या दिवशी ठरवलं, की पुन्हा नाही. पोरगी माझ्यासारखीच अंगानं भरलेली आहे. तिलाही तेच ऐकवतील.

भाची: ते चुकीचंच होतं. वजनाचा आणि विडी-सिगारेटचा या रोगाशी संबंध आहे, हे खरं. लठ्ठ माणसांत आणि ओढणाऱ्यांत तो जास्त दिसतो, जोरही जास्त असतो. पण सडपातळ बायकांनाही होतो, जन्मात विडी न ओढलेल्यांनाही होतो. वजन उतरवून काहींचा त्रास कमी होतो, पूर्ण जाईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणजे वजन ही मदत करणारी एक गोष्ट झाली, गुन्ह्याचा पुरावा नव्हे. जो दाखवायच्या आधी दोष देतो तो पेशंट गमावतो. आमच्याकडं हे रोज घडतं आणि त्याची लाज आम्हाला वाटायला हवी.

आत्या: मी मिश्री लावते. त्यानं झालं असेल?

भाची: संबंध दिसलाय तो मुख्यतः ओढायच्या तंबाखूचा. मिश्री तोंडासाठी वाईट आहे, ती त्या कारणानं सोड. या गाठींचं खापर तिच्यावर फोडू नको.

आत्या: बरं, गेलो दवाखान्यात. काय करणार? सुरीच लावणार ना? ती तर इथं कुणीही लावतो.

भाची: चिरा दिला की ठणका तासाभरात उतरतो. गाठ तणावून जीव जात असेल तर तो द्यावाच लागतो. पण नुसत्या चिऱ्यानं तीच गाठ बहुतेक वेळा परत येते, कारण आतली पिशवी, आतला बोगदा तिथंच राहतो. म्हणून आधी रोग कुठल्या पायरीवर आहे ते ठरवतात. १९८९ साली हर्ले नावाच्या डॉक्टरांनी तीन पायऱ्या आखल्या, अजून वापरतात. पहिलीत सुट्या गाठी, वण नाही, बोगदा नाही. दुसरीत गाठी परत परत येतात, बोगदे आणि वण दिसतात, पण मध्ये चांगली कातडी शिल्लक असते. तिसरीत सगळा भाग एकमेकांत गुंतलेला. तुझी लेक पहिलीवर असेल असं मला वाटतं. तुझी उजवी काख तिसरीवर आहे.

आत्या: रक्त तपासून नाही कळत?

भाची: या रोगाची अशी रक्ततपासणी नाही. तीन गोष्टी बघतात: गाठी कशा आहेत, कुठं आहेत आणि परत येतात का. सहा महिन्यांत दोनदा किंवा जास्त वेळा आल्या तर संशय पक्का. काखेत, जांघेत जोडीजोडीनं काळे ठिपके दिसतात, तीही खूण. पण आपल्याकडं एक काळजी घ्यावी लागते. कातडीचा क्षयही असाच गाठी करून वाहतो. शंका आली तर डॉक्टर कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात, छातीचा फोटो काढतात. शिवाय साखर, रक्तदाब, चरबी तपासतात, कारण या रुग्णांत मधुमेह जास्त सापडतो. सांधे दुखतात का, पोटात कळा येऊन जुलाब होतात का, तेही विचारतात. आतड्याच्या सुजेचा एक आजार यासोबत असू शकतो.

आत्या: आणि औषध?

भाची: पहिल्या पायरीवर क्लिंडामायसिनचं लोशन लावायला देतात. वाढलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही आठवडे, कधी तीन महिने. त्या जंतू मारायला कमी आणि सूज शमवायला जास्त उपयोगी पडतात, म्हणून दोन दिवसांत बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. त्यानं भागलं नाही तर क्लिंडामायसिनच्या जोडीला रिफॅम्पिसिन देतात. ते क्षयाचं मुख्य औषध आहे. क्षय नाही याची खात्री न करता ते घेतलं आणि क्षय निघाला, तर औषधालाच न जुमानणारा क्षय होऊ शकतो. दुकानातून कुणी त्या गोळ्या काढून दिल्या तर घेऊ नको, एवढ्यासाठी सांगतेय. एकटी ठणकती गाठ असेल तर तिच्यातच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत सूज उतरते.

आत्या: माझ्यासारखीला?

भाची: तुझ्यासारखीला फळी बदलायची. छोट्या बोगद्याचं छप्पर कापून तो उघडा करतात, तळ तसाच ठेवून भरू देतात. भूल फक्त तेवढ्या जागेला. भाग मोठा असेल तर सगळी खराब कातडी काढून मांडीवरची कातडी लावतात. फार सूज असेल तर अडालिमुमॅब म्हणून इंजेक्शन आहे, सूज पेटवणाऱ्या एका प्रथिनाला अडवतं. २०१५ साली अमेरिकेनं आणि युरोपनं ते या रोगासाठी मान्य केलं. अहमदाबादच्या झायडसनं त्याच्या आदल्याच वर्षी त्याचं भारतीय रूप बाजारात आणलं, म्हणून ते आपल्याकडं परदेशापेक्षा स्वस्त मिळतं. तरी आपल्या खिशाला जडच आहे. आणि तेही क्षयाची तपासणी झाल्याशिवाय देत नाहीत, कारण दबलेला क्षय त्यानं डोकं वर काढतो.

आत्या: एवढं सगळं करून मुळापासून जाईल?

भाची: मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. आवरता येतो. महिन्याला येणारी गाठ वर्षाला एखादी येईल, बोगदे होणार नाहीत, हात वर जात राहील. पाळीच्या आधी कित्येक जणींचा त्रास वाढतो, पाळी गेल्यावर बऱ्याच जणींचा कमी होतो.

आत्या: हेच. हेच मला नको होतं ऐकायला. बावीस वर्षांच्या पोरीला सांगणार, की हे आयुष्यभर राहील?

भाची: तिला दर वेळी वाटतं ही शेवटची गाठ. पुढची आली की ती स्वतःला विचारते, मी काय चुकले? काय खाल्लं? नीट धुतलं नाही का? आयुष्यभराचा रोग आहे हे कळलं तर निदान हा रोजचा खटला बंद होईल. आत्या, तुझ्याकडं तीस वर्षं हा रोग होता. नाव नव्हतं म्हणून तो कमी दुखला का?

आत्या: नाही.

भाची: लग्नाचं म्हणशील तर मूल होण्याच्या आड हा रोग येत नाही. काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन त्यातलंच एक. म्हणून लग्न ठरलं, मुलाचा विचार असला, की डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि सासरी सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. तिचं अंग आहे, ती ठरवेल. माझं मत विचारशील तर ज्याच्याशी जन्म काढायचा त्याला लग्नाआधी सांगावं. गावाला सांगायची काही गरज नाही.

आत्या: गावाला नको. एवढं तरी माझ्या बाजूनं बोललीस.

भाची: तुझ्या बाजूनं मी बरंच बोलतेय. डॉक्टरांना दाखवणं आणि गावाला दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आत्या: मासे बंद करावे लागतील?

भाची: मुळीच नाही. मासळीनं हे होतं असं कुठं सिद्ध झालेलं नाही. बांगडा, तारली खुशाल खाऊ दे. जखम भरायला तेच लागतं. गोड, तळलेलं, बेकरीचं कमी केलं तर वजनाला बरं. रोजची काळजी साधी आहे: ढगळ सुती कपडे, काखेत रेझर फिरवायचा नाही, गाठ पिळायची नाही, कोमट पाण्याच्या घडीनं दिवसातून दोन-तीनदा शेकायचं. डॉक्टर सांगतील त्या औषधी साबणानं हलक्या हातानं धुवायचं. वाहत असेल तर स्वच्छ पट्टी, आणि तीही न चिकटणारी. घरात सॅनिटरी पॅड असतात, त्याचा तुकडा कापडी पट्टीनं बांधला तरी काम होतं. आणि तुझं पोटीस चिकटून राहतं, फुटलेल्या जागी ते नको. पण शेकायची तुझी कल्पना बरोबरच होती.

आत्या: आणि घाबरायचं कधी?

भाची: ताप भरला, लाली झपाट्यानं पसरली, अंग गळून गेलं, तर त्याच दिवशी जायचं. साखर असेल तर आणखी लवकर. आणि बसायच्या जागी वर्षानुवर्षं न भरणारी जखम असेल तर ती नक्की दाखवायची, क्वचित तिथं कॅन्सर होतो. हे पुरुषांनाही सांग. बोटीवरचे खलाशी तर बोलतच नाहीत. ओल्या कपड्यात आठ-आठ दिवस समुद्रात, वर विड्या. त्यांच्यातही असणार कुणाला तरी.

आत्या: आहे. माझ्या डोळ्यासमोर दोघं आहेत. एक तर बसून जेवत नाही, उभा राहून जेवतो. आम्ही हसायचो त्याला.

भाची: त्यालाही सांग.

आत्या: सांगेन. पण माझं ऑपरेशन वगैरे म्हणत असशील तर सवड कुठली? एक दिवस गेले नाही लिलावाला तर दुसरी माझी जागा धरते.

भाची: १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदच असते. एकसष्ट दिवस. बोगदा उघडलेली जखम भरायला काही आठवडे लागतात, त्यात बसतं.

आत्या: बंदीत बोटी बसतात, बाय, आम्ही नाही बसत. सुकी मासळी तेव्हाच खपते. घर कशावर चालतं त्या दोन महिन्यांत?

भाची: हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग असं करू. सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घ्यायची नाही, बसून विकायची आणि उचलायला कुणीतरी सोबत. डॉक्टरांना हे सगळं सांगायचं: काय काम करतेस, किती उचलतेस, कुठले महिने जमतील. औषध ठरवताना त्यांना तुझं काम माहीत पाहिजे. नाहीतर आराम करा म्हणतील आणि तू चिठ्ठी फेकून देशील. जिल्हा रुग्णालयाला २०२३ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलंय, आधी तिथं त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवू. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारू. तिथं नाही झालं तर कोल्हापूरला मी आहेच. पण तुझ्या लेकीची औषधं जूनपर्यंत थांबवायची नाहीत, ती आत्ता सुरू.

आत्या: माझ्या तीन अटी आहेत. तपासायला बाई डॉक्टर असेल तर बरं, नाहीतर पडदा आणि तू शेजारी. दुसरी, वजनाचं बोलायचं तर शेवटी बोलायचं, आधी अंग बघायचं.

भाची: दोन्ही रास्त आहेत. तिनं मोबाइलवर गाठींचे फोटो काढून ठेवावेत, तारखेसकट. ज्या दिवशी दाखवायला जातो त्या दिवशी गाठ बसलेली असते आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. पाळीची तारीखही लिहून ठेवायची. तिसरी अट?

आत्या: आधी माझी काख बघायची, मग तिची. पोरीच्या समोर. मी आजपर्यंत तिला कधी दाखवली नाही. तिला वाटतं हे तिला एकटीलाच झालंय. मी जे तीस वर्षं झाकलं ते तिनं बघू दे, म्हणजे तिला कळेल की हात वेळेवर वर केला नाही तर पुढं तो वर जातच नाही. आणि हेही कळेल, की हे असूनसुद्धा तिच्या आईनं धंदा केला, घर उभं केलं. दोन्ही गोष्टी तिला कळल्या पाहिजेत. नुसता रोग सांगून मला पोरीला घाबरवायचं नाही.